आत्याने बोट अडवली

माझ्या आत्याला सगळे भिंगरी म्हणायचे. लहानपणी ती एका जागी बसून कधी जेवलीच नाही, असं आजी सांगायची. घास तोंडात टाकायचा, दारापर्यंत जाऊन यायचं, मग पुढचा घास. पुढे लग्न झालं, केस पांढरे झाले, तरी नाव तेच राहिलं, कारण सवयही तीच राहिली. आमच्याकडे आली की चहा उभ्यानेच प्यायची. बोलता बोलता भिंतीवरच्या बटणाला हात लावायची आणि म्हणायची, "हे गरम लागतंय. कधीपासून?"

आतोबा वायरमन. लग्नानंतर आत्या त्यांच्याबरोबर कामावर जायला लागली ती नुसती शिडी धरायला. पण शिडी धरून गप्प उभं राहणं तिला कुठलं जमायला! खालून अखंड सुरू, "आता काय करताय? ती लाल वायर कुठे गेली? मला दाखवा ना." शेवटी वैतागून आतोबांनी तिला वर चढवलं आणि स्वतः शिडी धरली. तिथून दोघांची जोडी जमली. घरं, दुकानं, दवाखाना, शाळा, काय काय त्यांनी केलं. मग एका गोदामात आतोबा उंचावरून पडले. जीव वाचला, पण उजवा हात कामातून गेला. हात जागेवर होता, सांगितलेलं ऐकत मात्र नव्हता. तेव्हापासून आतोबा खिडकीजवळच्या खुर्चीत आणि त्यांची हत्यारांची पिशवी आत्याच्या खांद्यावर.

सुरुवातीला लोक दार उघडून तिच्या मागे बघायचे. "मिस्त्री कुठे आहेत?"

"मिस्त्री आत यायच्या बेतात आहेत, तुम्ही दारातून सरका," असं म्हणून ती आत शिरायची.

त्यानंतर बाबांची बोट आली.

बाबा, म्हणजे आत्याचे थोरले भाऊ, आयुष्यभर दुसऱ्याच्या बोटीवर मासेमारीला गेले. उतारवयाला लागल्यावर त्यांनी एक जुनी लाकडी बोट घेतली. मूळ मालक ती तोडून लाकूड विकणार होता. ती गोदीत, म्हणजे बोटी दुरुस्त करायच्या आवारात, ओंडक्यांवर टेकवून ठेवली होती. गोदी बर्फाच्या कारखान्याला लागून, आणि मी त्याच कारखान्याच्या कचेरीत नोकरीला होते. त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन मी तिथेच जायची आणि पुढचं बरंचसं माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

सुताराने कुजलेल्या फळ्या बदलल्या. इंजिन उतरवून, साफ करून परत बसवलं. राहिली वायरिंग. बाबा आत्याच्या घरी गेले.

"मला बोटीतलं काय कळतं, दादा?" आत्या म्हणाली. "मी घरं करते."

"दाजी, तुम्हीच सांगा हिला," बाबा आतोबांकडे वळले.

आतोबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "वायर ती वायर. घरात काय आणि बोटीत काय."

पण घरात काय आणि बोटीत काय हे पहिल्याच दिवशी समजलं. केबिनमधलं झाकण उघडल्यावर आत्या बघतच राहिली. किती मालकांनी, किती हातांनी तिथे जोडाजोड केली होती कोण जाणे. एक वायर घंटेची, एक टेबलफॅनची, एक तर कुठल्या तरी टेलिफोनची. चिकटपट्ट्यांवर चिकटपट्ट्या. दोन जाड वायरी नुसत्या पीळ देऊन डिझेलच्या नळीला बांधलेल्या. तिने एक वायर सोलली तर आतलं तांबं हिरवं-काळं होऊन चुऱ्यासारखं बोटांवर आलं.

"इतके दिवस दिवे लागत होते की," बाबा म्हणाले.

"दिवे लागत होते ते बोटीची मर्जी म्हणून. सगळं काढणार."

"सगळं?"

"सगळं. एक बोटभर वायर ठेवणार नाही."

आणि तिने ठेवली नाही. पालथी पडून, कुशीवर वळून, पाय एका कप्प्यात आणि डोकं दुसऱ्यात, अशी ती जुन्या वायरी ओढून काढत राहिली. खाली ओंडक्यांजवळ वायरींचा ढीग वाढत गेला. येणारे-जाणारे थांबून म्हणायचे, एवढं सगळं या एवढ्याशा बोटीत होतं? रंगारी रोज विचारायचा, "भिंगरीताई, माझा नंबर कधी?" ती म्हणायची, "तू रंग ढवळत बस."

तिला घोर वेगळाच लागला होता. घरात करंट चुकला तर जायला जमीन असते. बोटीला जमीन कुठली? चोवीस व्होल्टची बॅटरी. तिथून निघालेला करंट दिव्यातून, पंपातून फिरून दुसऱ्या वायरीने परत बॅटरीलाच यायला हवा. वाटेत कुठे ओल्या लाकडात, बोल्टात, इंजिनच्या पायात घुसला तर हळूहळू लोखंड खाणार, लाकूड जाळणार. आणि बोटीला आग लागली तर पळायचं कुठे? ती इंजिनवाल्या मेकॅनिकच्या मागे लागली. तो बिचारा घाम पुसत सांगायचा आणि ती विचारत राहायची. कल्हई केलेलं तांबं घ्या, खाऱ्या हवेत टिकतं. वायर तळाच्या पाण्यापासून वर ठेवा. जोड सोल्डरचा, म्हणजे कथील वितळवून केलेला, नको; टोकाला तांब्याची टोपी घालून मोठ्या पकडीने दाबून बसवा. इंजिनाच्या थरथरीने सोल्डर तडकतो.

हे सोल्डरचं घरी सांगितलं आणि आतोबा उखडले.

"म्हणजे मी जन्मभर केलं ते खोटं?"

"अहो, घरं थरथरत नाहीत. बोट थरथरते."

"दाबलेला जोड म्हणजे कामचुकारपणा. माझ्यासमोर बोलू नकोस तू."

"मग कोणासमोर बोलू? खुर्चीत तुम्हीच बसलाय!"

बोलून गेली आणि जीभ चावली. आतोबांनी तोंड खिडकीकडे वळवलं. त्यानंतर कित्येक संध्याकाळी त्यांनी बोटीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. याआधी आत्या दारात चपला काढायच्या आत प्रश्न यायचा, आज कुठवर आलं, आता नुसतं खिडकीबाहेर बघणं. आत्या त्या गप्प खोलीत इकडून तिकडे फिरायची. भांडी घासलेली पुन्हा घासायची. एकदा तर मला फोन करून म्हणाली, "बर्फाच्या कारखान्यात काही वायर-बियर जळलेली नाही का गं? संध्याकाळचंही काम मिळालं असतं."

मात्र जोड तिने दाबूनच बसवले.

काम छान झालं. केबिनमध्ये नवा बोर्ड, प्रत्येक बटणाखाली बाबांनी स्वतःच्या अक्षरात नाव लिहिलेलं. मास्टवरचा पांढरा दिवा, दोन बाजूंचे लाल-हिरवे, जाळं ओढायच्या जागी मोठा झोत, वायरलेस, आणि तळाशी साचणारं पाणी उपसणारा पंप. या पंपाची वायर तिने मुद्दाम बोर्डावरून न आणता सरळ बॅटरीवरून आणली होती. बोटीवर कोणी नसताना, सगळी बटणं बंद असतानाही पाणी चढलं तर पंप आपोआप चालू व्हायला हवा म्हणून. सगळं लावून बघितलं. दिवे लागले, पंप घरघरला. सुताराने शिट्टी मारली. बाबांनी बोर्डावरून हात फिरवला. मी घरी आईला सांगितलं, झालं एकदाचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी उतरलेली.

आत्याने चार्ज करून ठेवली. पुन्हा उतरली. दुसरी बॅटरी आणून लावली, तीही उतरली. म्हणजे सगळं बंद असताना कुठेतरी करंट गळत होता. तिने एकेक वायर बोर्डावरून सोडवली, मीटर लावला, गळती तशीच. मग पंपावर संशय आला. खाली उतरून पंपाकडची टोकं काढली, गळती तशीच. पंप निर्दोष सुटला. ती केबिनमधून तळाशी, तळातून पुढच्या टोकाला, तिथून परत केबिनमध्ये फिरत राहिली. जेवणाचा डबा उघडून तसाच ठेवायची. तिला विचारलं तर "हो हो" म्हणायची आणि काय विचारलं ते तिला ठाऊक नसायचं.

त्यातच उधाणाची भरती तोंडावर आली. ओंडक्यांवरची एवढी जड बोट पाण्यात ढकलायची तर पाणी पार वरपर्यंत चढावं लागतं, आणि ती भरती हुकली तर पुढच्या उधाणापर्यंत बसा. गोदीवाल्याला जागा रिकामी करून हवी होती. बाबांबरोबर मासेमारीला येणारी माणसं दुसऱ्या बोटीवर जाऊ का विचारत होती.

"भिंगरे," बाबा म्हणाले, "उद्या बोट पाण्यात. ते गळतीचं पाण्यात गेल्यावर बघू."

"नाही."

"अगं, बॅटरी उतरतेय एवढंच ना? इंजिन चालू असलं की चार्ज होत राहते. कोण बंद करून झोपणार आहे?"

"दादा, करंट कुठे जातोय ते मला ठाऊक नाही. कुठेतरी जातोय. जिथे जातोय तिथे ऊब धरत असेल."

"तुझी वळवळ मला माहीत आहे लहानपणापासून! काम संपलं की तुला चैन पडत नाही. संपलंय आता. मी सांगतो, संपलंय."

सगळ्यांसमोर बोलले. आत्या शांतपणे खाली उतरली, पाना काढला, बॅटरीची जाड केबल दोन्हीकडून सोडवली, गुंडाळून पिशवीत टाकली आणि शिडीवरून उतरून चालू लागली. तिने काय नेलं हे बाबांच्या लक्षात येईपर्यंत ती रस्त्याच्या वळणावर पोचलीसुद्धा होती. ती केबल मापाची होती. तिच्याशिवाय इंजिन सुरू होणार नव्हतं.

बाबा तडक तिच्या घरी. मी मागोमाग, कारण बाबांचा चेहरा मला बघवत नव्हता. आत्या दार उघडून पुन्हा आत फेऱ्या घालू लागली. पिशवी खांद्यालाच.

"केबल दे."

"नाही देणार."

"बोट माझी आहे."

"वायरिंग माझी आहे."

"दाजी, बघताय ना? भावाची बोट अडवून बसलीय."

आतोबा इतक्या दिवसांनी या विषयावर बोलले. "थोडीफार गळती सगळीकडेच असते. देऊन टाक केबल."

आत्या थांबली. खरोखरची, जागच्या जागी. "तुम्ही म्हणताय हे? एका दुकानात एवढीशी गळती होती म्हणून तुम्ही भिंत फोडायला लावली होती मालकाला. तेव्हा का नाही म्हणालात असते म्हणून?"

आतोबांनी चांगल्या हाताने खुर्चीची दांडी धरली. मग ते म्हणाले, "मला तिथे न्या."

"शिडी आहे तिथे, दाजी. उभी शिडी."

"मग उचला मला. एवढ्या मोठ्या बोटी उचलता की."

दुसऱ्या दिवशी सकाळी, भरती चढायच्या बऱ्याच आधी, आम्ही त्यांना गोदीत नेलं. बाबा वरून, सुतार खालून, मी आणि मेकॅनिक दोन बाजूंनी. आतोबा वजनाने हलके नव्हते आणि तोंडाने तर नव्हतेच. "अरे सांभाळून, मी काय पोतं आहे? डावीकडे! माझं डावीकडे, तुमचं नव्हे!" शेवटी ते कठड्यापर्यंत आले आणि एक पाय आत टाकून अडकले. पाय खाली पोचेना. आत्या केबिनच्या दारात हात पुढे करून उभी.

"पाय टाका बिनधास्त," सुतार खालून ओरडला. "तिथे पायरी आहे. मी नवीन ठोकलीय. हत्ती उभा राहील!"

आतोबांनी पाय टाकला, उतरले, धापा टाकत फळीवर बसले. सगळे हसायला लागले. आत्या हसली नाही. ती त्या पायरीकडे बघत होती.

"ही कधी ठोकलीस रे?"

"झाले की थोडे दिवस. चढता-उतरता दादांचा पाय घसरायचा, म्हणाले एक पायरी दे."

"मी इथली वायर ओढल्यानंतर?"

"आता ते कसं लक्षात राहणार, ताई?"

"कशावर ठोकलीस?"

"आतल्या फळीवर. चांगले लांब स्क्रू मारलेत."

आत्या गुडघ्यांवर बसली. त्या फळीच्या पाठीमागून पंपाची वायर तळाकडे उतरत होती. बोर्डाला वळसा घालून सरळ बॅटरीला जाणारी, कुठल्याच बटणाने बंद न होणारी. पंप तिने सोडवून बघितला होता, पण बॅटरीपासून पंपापर्यंतची वायर जोडलेलीच राहिली होती. तिचा संशय पंपावर होता, वाटेवर नव्हता.

"पाना... नाही, स्क्रूड्रायव्हर. मोठा. लवकर."

सुताराने स्क्रू काढले. तिसरा स्क्रू बाहेर आला तो टोकाला काळा पडलेला. फळी सरकवली. मागे वायर दिसली. स्क्रू दोन्ही वायरींच्या मधून गेला होता, दोघींची कातडी खरवडून. तांबं तांब्याला टेकलं नव्हतं, नाहीतर फ्यूज उडून तेव्हाच कळलं असतं. मधल्या ओलसर लाकडातून थोडा थोडा करंट झिरपत होता. त्या जागी लाकूड करपून तपकिरी झालेलं. आत्याने त्यावर अंगठा ठेवला. मग बाबांचा हात धरून तिथे नेला.

बाबांनी लाकूड चाचपलं. नखाने खरवडलं तर काळी भुकटी पडली. फुटावर डिझेलची टाकी होती. बाबा तो हात कितीतरी वेळ विजारीला पुसत राहिले.

"मी मुद्दाम नाही केलं हो," सुतार म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता.

"मुद्दाम कोण करतं?" आत्या म्हणाली. "ती पकड दे इकडे. पाणी चढायला लागलंय."

ती वायर तिने बदलली, दुसऱ्या वाटेने, उंचावरून. आतोबा फळीवर बसून बघत होते. नव्या टोकावर टोपी बसवून तिने पकड दाबली आणि जोड त्यांच्यापुढे धरला. त्यांनी डाव्या हाताने ओढला, हिसका दिला, पुन्हा ओढला.

"धरतोय," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "ओढूनही निघत नाही की हा."

मीटरचा आकडा शून्यावर आला. आत्याने पिशवीतून केबल काढून बॅटरीला लावली. त्या दिवशीच्या भरतीला बोट पाण्यात गेली. आतोबांना खाली उतरवायला वेळच मिळाला नाही. ते बोटीबरोबर पाण्यात गेले आणि धक्क्याला लागेपर्यंत कठडा धरून सगळ्यांना डावी-उजवी सांगत राहिले.

पहिल्या फेरीला बाबा पहाटे निघाले. दुपारी वारा फिरला. फोन लागेना. आई घरात कपड्यांच्या घड्या घालत होती. आत्या धक्क्यावर होती. कचेरीच्या खिडकीतून मला ती दिसत होती. धक्क्याच्या टोकापर्यंत जायची, परत यायची, पुन्हा जायची. मी खाली जाऊन म्हटलं, "आत्या, बस ना जरा." ती बसली, उठली. "पंपाची टोपी मी दोनदा दाबली होती ना गं? तू बघितलंस ना?" मी हो म्हटलं. खरं तर मला आठवत नव्हतं. थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न, आणि पुन्हा माझं तेच हो.

बाकीच्या बोटी परतल्या. बाबांची ऊन कलल्यावर आली, सगळ्यांच्या मागून, सावकाश, एका बाजूच्या नळीतून सतत पाणी टाकत. नव्या फळ्या अजून पाणी पिऊन फुगल्या नव्हत्या. लाटांनी बोट हलली तशी एक फट सुटली होती आणि पाणी आत येत होतं. इंजिनही मध्येच बंद पडलं होतं, डिझेलमध्ये कचरा आला म्हणून. ते सुरू होईपर्यंत एकटा पंप बॅटरीवर चालत राहिला.

बाबा धक्क्यावर उतरले. कपडे भिजलेले, ओठ खारटलेले. आत्यासमोर उभे राहिले.

"पंपाच्या नळीवर हात ठेवून बसलो होतो," ते म्हणाले. "तिची थरथर लागत होती हाताला. ती थांबली असती तर..."

"गरम झाली होती का?" आत्याने विचारलं.

"काय?"

"वायर. वायर गरम झाली होती का?"

"अगं बये, मी जिवंत आलोय!"

"ते दिसतंय मला. वायरचं सांग." आणि उत्तराची वाट न बघता ती बाबांच्या बाजूने वाट काढून बोटीत उतरली. वाकून बॅटरीपासून पंपापर्यंत सबंध वायर तळहाताने चाचपत गेली. वर आली तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते. खाऱ्या पाण्याने झाले असं ती म्हणाली.

आता ती बोटींचीच कामं करते. आतोबाही गोदीत येतात. त्यांची खुर्ची ओंडक्यांच्या सावलीत असते. बाकाला ठोकलेल्या मोठ्या पकडीत ते डाव्या हाताने टोप्या दाबून देतात आणि दाबताना अखंड बोलतात. दोघांची भांडणं कारखान्यात ऐकू येतात. बाबांची बोट चांगली चालली आहे. फळ्या फुगून बसल्या, ती फट पुन्हा सुटली नाही.

पण आत्याला स्वस्थता नाही. थोडा वारा सुटला की सकाळी सकाळी आमच्याकडे फोन वाजतो. परवा आईनेच उचलला.

"वहिनी, दादा गेलाय का?"

"नाही गं. आज सुट्टी आहे. आत चहा पितायत."

"आणि बोट?"

"बोट धक्क्याला आहे. तुझे दादा घरात आहेत. तू कुठे आहेस?"

थोडा वेळ फोनमधून नुसता वाऱ्याचा आवाज आला.

"बोटीत," आत्या म्हणाली.